धातू

बॉस्टन, लिंकनशरमधलं. अमेरिकेतलं ते याचं धाकटं.
बोटॉल्फ नावाच्या कुणा संताचा दगड होता म्हणे इथे,
लोकांनी शतकानुशतकं चावून चावून
एवढंच नाव शिल्लक ठेवलं.
दाढही अशीच झिजते, वरून.

कबाबच्या दुकानावर माझा दवाखाना.
दात काढायला मिरजेत शिकले,
त्याआधी शाळेत संस्कृत, शंभरातल्या नव्वद गुणांपुरतं.
तेव्हा धातू म्हणजे क्रियापदाचं मूळ.
इथे तो मी पोकळ दाढेत भरते
आणि पावती फाडते.

मंगळवारी रिम्विदास आला,
थेट कोबीच्या शेतावरून, बुटांना काळी माती,
डावा गाल भिजवलेल्या पावासारखा.
(कोबी हा शब्दही आमच्याकडे पोर्तुगीज जहाजातून उतरला,
पगार आणि चावीच्या सोबतीने.
पण त्याला हे सांगायचं कोणत्या भाषेत?)
दुभाषी फोनवर यायचा होता.
फोनमध्ये नुसतीच पियानोची तीच ती धून.
शेवटी त्याने तोंडात बोट घातलं:
दान्तिस.

मी मास्क खाली ओढला.
दंत?
दान्तिस.
लग्नाच्या पंगतीत दोन अनोळखी माणसं
आडनावावरून नातं काढतात
तसे आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.
सिगारेट ओढतोस का, मी खुणेने विचारलं.
दूमास, तो खजील होऊन म्हणाला,
आणि कुठल्यातरी यज्ञाचा धूम
कबाबच्या वासात मिसळून वर आला.

दाराशी बसणारी बोग्ना पोलंडची. ती दाताला म्हणते झोंब,
आणि दुखरा दात खरोखर झोंबतोच,
पण ते नातं खोटं. कोशात पाहिलं,
तिचा झोंब निघाला इंग्रजी कंगव्याचा भाऊ.
दिसण्यावर जाऊ नये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

काढू? मी चिमटा दाखवला.
ने, तो म्हणाला.
ने म्हणजे ने, माझ्या आईच्या भाषेत,
घेऊन जा, तुझाच आहे.
मी वाकले. त्याने खुर्चीचे दोन्ही हात आवळले:
ने, ने, ने!

किती उशिरा ओळखला मी तो न.
आपलाच, सगळ्यात जुना.
माझ्या घरी तो नको, नाही, नये अशी कपडे बदलत राहतो,
त्याच्याकडे अजून उघडाच.

का नाही?
सूनुस, तो म्हणाला. शेश्तादिएनिस.
मी बोटांवर मोजलं. षष्ठ. दिन.
त्यांचा आठवडा सोमवारी उगवत असेल तर हा शनिवार.
आणि शनिवारी घरात सून येणार!
मी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं,
गोळ्या लिहून दिल्या, पाच दिवसांच्या.
त्याने संशयाने माझ्याकडे पाहिलं.

शनिवारी आला. सोबत एक उंच पोरगा,
एकोणीस-वीसचा, पाठीला सॅक,
रात्रभराच्या बसने चुरगळलेला.
मी त्याच्या मागे बघत राहिले, आणखी कुणी येतंय का.
कुणी नव्हतं.
सूनुः सूनू सूनवः.
परीक्षेला गुरू आला होता, म्हणून हा विसरले.

पोरगा इंग्रजीत म्हणाला,
बाबा घाबरतात. मी हात धरला की काढू देतील.

एवढंच होतं.

कोशात असंही आहे की दंत म्हणजे मुळात खाणारा.
हा तर त्यालाच खात होता.
तीन मुळं निघाली,
एक वाकडं, हाडाला बिलगून बसलेलं,
त्याच्यासाठी मला पाय रोवून उभं राहावं लागलं.
पोराच्या बोटांवर बापाची नखं उमटली.

कापसाच्या बोळ्यातून मग रिम्विदास काहीतरी बोलला,
बरंच लांब, डोळे मिटून.
मला एकही शब्द लागला नाही.
मी पोराकडे पाहिलं.
त्यालाही नाही.